होस्टेलमध्ये मेनिंगोकोकलची शंका आली तर : सूचनापत्रकात नेमकं काय लिहावं? (इंदूर)

मेस_व्यवस्थापक

भंवरकुआं भागातल्या मराठी मुलांच्या वसतिगृहासाठी आजारपणाचं एक पानी पत्रक तयार होतंय. ६२ मुलं, तीन-चार खाटांच्या खोल्या, एक मेस, रात्री एकच वॉर्डन. उलट्या-जुलाब, डेंग्यू, सर्दी-ताप हे सगळं लिहून झालं. गाडी मेनिंगोकोकल मेनिंजायटिसवर अडली आहे. आत्ताचं वाक्य असं : "तीव्र डोकेदुखी, मान आखडणे व अंगावर पुरळ दिसल्यास डॉक्टरांशी संपर्क साधावा."

प्रश्न :
एवढं पुरे आहे का? पुरळ ग्लासने तपासतात ते कसं? एक मुलगा ॲडमिट झाला तर प्रतिबंधक गोळ्या ६२ जणांना की फक्त खोलीतल्यांना, आणि कोणत्या? खोलीत धूर-फवारणी करायची का? लसीचं काय? आणि आजाराचं नाव "मेंदूज्वर" लिहिलं तर चालेल का? इथे सगळे "दिमागी बुखार" म्हणतात.

तापाचा_आलेख (फिजिशियन)

ते वाक्य पूर्ण काढा. त्यातली मान आखडणं आणि पुरळ ही उशिराची लक्षणं आहेत आणि "संपर्क साधावा" हे या आजारात फार सावकाश काम आहे.

आधी हे लक्षात घ्या की हा जंतू दोन तऱ्हेने मारतो. एक, मेंदूच्या आवरणाला सूज. दुसरी तऱ्हा म्हणजे तो थेट रक्तात वाढतो, रक्तवाहिन्या गळू लागतात, रक्तदाब कोसळतो. दुसऱ्या तऱ्हेत मान शेवटपर्यंत मऊ राहू शकते, डोकंही फारसं दुखत नाही, आणि जीव जास्त करून याच तऱ्हेत जातो. "मान छातीला टेकते, म्हणजे घाबरायचं कारण नाही" हे म्हणूनच धोकादायक वाक्य आहे.

वेळेचा हिशोब बघा. ब्रिटनमध्ये १६ वर्षांपर्यंतच्या ४४८ मुलांच्या आजाराचा तासातासाने क्रम लावला होता, तो अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. पहिले चार ते सहा तास साधा ताप, मळमळ, चिडचिड, म्हणजे कुठल्याही व्हायरलसारखंच. साधारण आठव्या तासाच्या आसपास तीन गोष्टी दिसू लागतात : पाय दुखणं, हात-पाय गार पडणं आणि कातडीचा रंग बिघडणं. पुरळ, मान आखडणं, उजेड सहन न होणं, शुद्ध हरपणं हे १३ ते २२ तासांच्या दरम्यान. मुलं इस्पितळात पोचली ती सरासरी १९व्या तासाला. म्हणजे मधले दहा-अकरा तास हातात होते. तुमच्या पत्रकाने नेमके तेवढेच पकडायचे आहेत.

वॉर्डनला तीन तपासण्या शिकवा, मशीन लागत नाही.

पहिली : अंग भट्टीसारखं तापलंय पण तळहात-तळपाय बर्फ. थंडी वाजून ताप चढतानाही हात गार पडतात, हे खरं. पण ती थंडी अर्ध्या तासात ओसरते आणि हात गरम होतात. झाले नाहीत तर खोट आहे. छातीच्या मधल्या हाडावर बोट पाच सेकंद दाबून उचला. पांढरा पडलेला ठसा दोन सेकंदांत भरून यायला हवा. तीन-चार सेकंद लागले तर रक्ताभिसरण आखडलंय.

दुसरी : त्याला पूर्ण वाक्यात उत्तर द्यायला लावा. "आज मेसमध्ये भाजी कोणती होती, तारीख काय, उद्याचा क्लास किती वाजता." "हूं" हे उत्तर धरायचं नाही. गडबडलेला मुलगा झोपाळू दिसतो आणि रूममेट म्हणतात, झोपू द्या त्याला. सगळ्यात जास्त वेळ इथेच वाया जातो.

तिसरी : कपडे काढून उजेडात संपूर्ण अंग बघा. कमरेच्या इलॅस्टिकखाली, मोज्यांच्या कडेला, काखेत, पोटावर. टाचणीच्या डोक्याएवढे दोन-तीन लालसर-जांभळे ठिपके एवढीच सुरुवात असते.

पॅरासिटामॉल द्यायला हरकत नाही, पण त्याने ताप उतरला म्हणून निश्चिंत होऊ नका. या आजारातही ताप उतरतो. उतरल्यावर मुलगा उठून बसला, पाणी प्यायला, बोलला, तर ठीक. ताप उतरूनही तसाच पडून राहिला तर ती वाईट खूण.

वॉर्डातली_ताई (स्टाफ नर्स)

ग्लासच्या तपासणीत सगळीकडे एक घोळ होतो : होस्टेलमध्ये ग्लास स्टीलचे असतात! आणि चहाच्या टपरीवरच्या काचेच्या ग्लासला उभ्या रेघा असतात, त्यातून ठिपका नीट दिसत नाही. कंपासपेटीतली पारदर्शक प्लास्टिकची पट्टी घ्या. तीही नसेल तर मोबाइलचं पारदर्शक मागचं कव्हर. ठिपक्यावर आडवी ठेवून घट्ट दाबायची, नुसती टेकवायची नाही. आरपार बघत राहायचं. साधं पुरळ दाबल्यावर फिकं होऊन नाहीसं होतं. रक्त कातडीखाली सांडलेलं असेल तर ठिपका तसाच राहतो. दाबलेल्या अवस्थेत एक फोटो काढून ठेवा, इस्पितळात दाखवायला उपयोगी पडतो.

मग बॉलपेनने ठिपक्याभोवती गोल काढून बाजूला वेळ लिहा. १०८ येईपर्यंत नवे ठिपके गोलाबाहेर आले का, ते डॉक्टरला सांगता येतं. पण गोल काढणं हे गाडीची वाट बघताना करायचं काम. आधी फोन.

सावळ्या रंगावर ठिपके चटकन दिसत नाहीत. तळहात, तळपाय, खालच्या पापणीची आतली बाजू आणि टाळू ही चार ठिकाणं टॉर्चने बघा. सुरुवातीला काही जणांत दाबल्यावर जाणारं पुरळही असतं आणि ते नंतर बदलतं, म्हणून पट्टीची तपासणी "पास" झाली तरी एका तासाने परत करायची. आणि इंदूरचं म्हणून एक : रंगपंचमीच्या गेरनंतर (रंगांच्या मिरवणुकीनंतर) दोन-चार दिवस मुलांच्या अंगावर जांभळा-गुलाबी रंग चढलेला असतो. तेव्हा खोबरेल चोळून पुसून मगच बघा. मार्चमध्येही या आजाराचा हंगाम चालू असतो, त्यामुळे हे थट्टेवारी नेऊ नका.

झोपेची गुंगी असेल तर पाणी, चहा, गोळी काही तोंडात घालायचं नाही. कुशीवर वळवा. उलटी श्वासात गेली तर ते नवंच संकट.

शंकेखोर

इथे पावसाळ्यानंतर डेंग्यूचे रुग्ण भरपूर असतात. त्यातही असेच ठिपके येतात. मग प्रत्येकाला १०८?

तापाचा_आलेख

डेंग्यूचे ठिपके सहसा तापाच्या तिसऱ्या ते पाचव्या दिवशी येतात, प्लेटलेट उतरू लागल्यावर. मेनिंगोकोकलचे ठिपके पहिल्या २४ तासांत. काल संध्याकाळपर्यंत क्लासमध्ये बसलेला मुलगा आज सकाळी ठिपक्यांसह पडलाय, हे डेंग्यूचं चित्र नाही. शिवाय ताप आणि दाबल्यावर न जाणारे ठिपके ही जोडी डेंग्यूत असली तरी इस्पितळातच जायला हवी, तेव्हा १०८ वाया जात नाही.

एक सावधगिरी : "सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) नॉर्मल आला, प्लेटलेट दीड लाखाच्या वर आहेत" यावर घरी पाठवू नका. पहिल्या काही तासांत रक्ताचा रिपोर्ट साफ असू शकतो.

फोनवर काय बोलायचं तेही पत्रकात हिंदीतच छापा, कारण तिकडचा माणूस हिंदीत बोलणार : "उन्नीस साल का लड़का, कल रात से बुखार, शरीर पर दाने जो दबाने से नहीं जाते, होश कम है, मेनिन्जाइटिस का शक है।" एवढ्या एका वाक्याने सगळं बदलतं. "लड़के की तबीयत ख़राब है" म्हणालात तर तेवढंच ऐकलं जाईल. गाडी एम.वाय. या सरकारी रुग्णालयात किंवा आयसीयू असलेल्या खाजगी रुग्णालयात. कोपऱ्यावरच्या दवाखान्यात सलाईन लावून "सकाळी बघू" नको.

गोळ्यांचं_गणित (फार्मासिस्ट)

मेडिकलवरून आणलेली ॲझिथ्रोमायसिन किंवा सेफिक्झिम "सुरू करून बघू" म्हणून देऊ नका, हे ठळक लिहा. तोंडावाटे दिलेल्या त्या गोळ्यांनी रक्तातला हा जंतू आटोक्यात येत नाही, फक्त कल्चर (रक्तातला जंतू लॅबमध्ये वाढवून ओळखण्याची चाचणी) बिघडतं.

गावाकडून येणाऱ्यांसाठी वेगळी सूचना हवी. शहरात इस्पितळ वीस मिनिटांवर असेल तर वाटेत इंजेक्शनसाठी थांबू नका. पण मानपूर, देपालपूरकडून यायला तासभर लागणार असेल आणि जवळ डॉक्टर असेल, तर त्याने निघण्यापूर्वी पहिला डोस द्यावा. सेफ्ट्रायॅक्सोन मोठ्यांना २ ग्रॅम, मुलांना किलोमागे ८० ते १०० मिलिग्रॅम, कमाल २ ग्रॅम. शिरेत देणं उत्तम. शीर सापडली नाही तर स्नायूत, एका जागी १ ग्रॅमपेक्षा जास्त नाही, म्हणजे दोन जागी. किंवा क्रिस्टलाइन पेनिसिलिन : १० वर्षांवर २० लाख युनिट, १ ते ९ वर्षं १० लाख, वर्षाखाली ५ लाख.

इथे दोन चुका नेहमीच्या. स्नायूतल्या इंजेक्शनसाठी लिग्नोकेनमध्ये (बधिर करणाऱ्या औषधात) कालवलेलं औषध शिरेत जाता कामा नये. दुसरी, सेफ्ट्रायॅक्सोन आणि रिंगर लॅक्टेट एकाच नळीतून एकत्र देऊ नये, कॅल्शियमशी त्याचा साका होतो. नॉर्मल सलाईन वापरा. दिलेलं औषध, मात्रा आणि वेळ चिठ्ठीवर लिहून चिठ्ठी रुग्णाच्या शर्टाला पिन करा. नातेवाइकाच्या खिशात चिठ्ठी हरवते.

साथ_कक्ष (सार्वजनिक आरोग्य)

आता ६२ जणांच्या गोळ्यांचा प्रश्न. उत्तर : नाही. आणि "कशाला रिस्क, सगळ्यांना देऊन टाका" हा मोह आवरा. दर शंभर माणसांत साधारण दहांच्या घशात हा जंतू निरुपद्रवीपणे राहत असतो, पौगंडावस्थेतल्या मुलांत त्याहून जास्त. सरसकट गोळ्या दिल्या तर घशातले निरुपद्रवी भाऊबंदही मरतात आणि औषधाला न जुमानणारे उरतात. संपर्कातल्यांच्या घशाचे स्वॅब घेण्यातही अर्थ नाही, निकालाने निर्णय बदलत नाही.

यादी करताना आजार सुरू होण्याआधीचे ७ दिवस धरा. त्यात येतात :

एकाच खोलीत झोपणारे सगळे. त्या आठवड्यात मुलगा घरी बुऱ्हाणपूरला किंवा जळगावला जाऊन आला असेल तर घरचे सगळे. तोंडाला तोंड लागलेली व्यक्ती, आणि हा प्रश्न वॉर्डनने चारचौघांत विचारायचा नाही, एकट्यात विचारायचा, नाहीतर खरं उत्तर येणार नाही. एकच सिगारेट, हुक्का किंवा व्हेप फिरवणारं टोळकं. लांबच्या विमानप्रवासात आठ तासांहून जास्त वेळ शेजारी बसलेला प्रवासी धरतात. त्याच न्यायाने इंदूर-पुणे रात्रीच्या स्लीपर बसमध्ये डबल बर्थवर शेजारी झोपलेला मित्रही धरा.

येत नाहीत : मेसमध्ये त्याच टेबलावर जेवलेले, कोचिंगच्या वर्गातले, जिन्यात भेटलेले, स्वयंपाकीण मावशी, रिक्षावाला. त्याच्या ताटातली पोळी खाल्लेला मित्रही नाही.

इस्पितळात श्वासनलिकेत नळी घालताना किंवा घसा साफ करताना मास्क नसलेल्या कर्मचाऱ्यालाच गोळी लागते, स्ट्रेचर ढकलणाऱ्याला नाही.

जिल्ह्याच्या रोग सर्वेक्षण कक्षाला रुग्णालय कळवतंच, पण तुम्हीही सीएमएचओ (जिल्ह्याचे मुख्य आरोग्य अधिकारी) कार्यालयात फोन करा. प्रयोगशाळेचा पक्का निकाल येईपर्यंत थांबू नका, शंकेवरच कळवायचं असतं. त्याच वसतिगृहात चार आठवड्यांत दुसरा रुग्ण निघाला तर गणित बदलतं. मग मोठ्या गटाला औषध आणि लस द्यायची का, ते आरोग्य खातं ठरवतं, व्यवस्थापन नाही.

गोळ्यांचं_गणित

मात्रा. रिफाम्पिसिन मोठ्यांना ६०० मिलिग्रॅम, १२ तासांच्या अंतराने, दोन दिवस, म्हणजे माणशी चार वेळा. तीन रूममेट असतील तर ६०० च्या १२ कॅप्सूल. एक महिन्यावरच्या मुलांना किलोमागे १० मिलिग्रॅम, त्याखालच्या बाळांना ५. घरी बहिणीचं १२ किलोचं बाळ असेल तर एका वेळी १२० मिलिग्रॅम : ५ मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम असलेलं सिरप ६ मिलिलिटर. उपाशीपोटी, जेवणाआधी तासभर.

चिठ्ठीवर "फक्त रिफाम्पिसिन" असं लिहून घ्या. हे क्षयाचं औषध असल्यामुळे दुकानात आयसोनियाझिडसोबतची जोडगोळी हाताला आधी लागते. ती चालत नाही. दुसरं, लघवी, घाम, अश्रू नारिंगी होतात. आधी सांगितलं नाही तर पहिल्या डोसनंतर अर्धी मुलं घाबरून बंद करतात. कॉन्टॅक्ट लेन्स डागाळतात, त्या दिवसांत चष्मा लावा. गर्भनिरोधक गोळ्या आणि रक्त पातळ करणारं वॉरफरिन निष्प्रभ होऊ शकतं.

सोपा पर्याय सिप्रोफ्लॉक्सासिन ५०० मिलिग्रॅम, एकदाच. गरोदर असेल तर सेफ्ट्रायॅक्सोन २५० मिलिग्रॅम स्नायूत, एकच इंजेक्शन. १५ वर्षांखाली १२५.

सूक्ष्मदर्शी (मायक्रोबायॉलॉजी)

सिप्रोबद्दल हात आखडता घ्या. २००५ च्या दिल्लीच्या साथीतल्या जंतूंमध्ये सिप्रोला प्रतिकार नोंदवला गेला आहे. एका गोळीची सोय मोहात पाडते, पण आपल्याकडे पहिली पसंती रिफाम्पिसिन किंवा सेफ्ट्रायॅक्सोन असावी.

गोळ्यांचं_गणित

मान्य, पण चार डोसांपैकी चौथा घेणारा मुलगा शोधावा लागतो. म्हणून होस्टेलसाठी माझं मत सेफ्ट्रायॅक्सोनचं एक इंजेक्शन. नर्स एकदा येईल, यादीतल्या सगळ्यांना एका तासात टोचेल, विषय संपला. सगळ्यांनी एकाच दिवशी घेणं महत्त्वाचं आहे, शक्यतो निदानाची शंका आल्यापासून २४ तासांत. एकाने आज, दुसऱ्याने चार दिवसांनी घेतलं तर जंतू खोलीतच फिरत राहतो. १४ दिवस उलटल्यावर देण्यात फारसा अर्थ नाही.

सूक्ष्मदर्शी

चालेल. पण हे छापा : गोळी किंवा इंजेक्शन घेतलं म्हणजे आजार होणारच नाही असं नाही. आजार बाहेर पडायला २ ते १० दिवस लागतात, बहुधा तीन-चार. आधीच रक्तात शिरलेला जंतू या मात्रेला दाद देत नाही. यादीतल्या मुलाला ताप आला तर थेट इस्पितळ.

फवारणी नको. हा जंतू शरीराबाहेर फार टिकत नाही, भिंतीवर, गादीवर, दाराच्या कडीवर राहत नाही. फॉगिंग डासांसाठी असतं. त्याचा इथे संबंध नाही, उलट धुरामुळे मुलं एकाच हॉलमध्ये दाटीने झोपतात आणि नेमकं नको ते होतं. चादरी नेहमीसारख्या साबणाने धुवा, खिडक्या उघडा. खर्च करायचाच असेल तर खाटांच्या अंतरावर करा. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश बराकींत खाटा खेटून लावल्या तेव्हा घशात जंतू बाळगणारे वाढले, आणि अडीच फुटांचं अंतर ठेवल्यावर कमी झाले. तुमच्या चार खाटांच्या खोलीत एवढी जागा नसेल तर एकाचं डोकं, दुसऱ्याचे पाय अशी उलटसुलट मांडणी करा, फुकटात चार-पाच फूट मिळतात.

इस्पितळातल्या सहकाऱ्यांसाठी दोन ओळी. रक्ताचं कल्चर अँटिबायोटिकच्या आधी घ्या, पण त्यासाठी औषध थांबवू नका. पाठीच्या कण्यातलं पाणी फ्रिजमध्ये ठेवू नका, थंडीने हा जंतू मरतो. खोलीच्या तापमानावर, तासाभरात लॅबमध्ये. सेफ्ट्रायॅक्सोननंतर दोन तासांत कल्चर कोरं येऊ शकतं, म्हणून ईडीटीएच्या जांभळ्या टोपीच्या नळीत रक्त पीसीआरसाठी (जंतूचा डीएनए शोधणाऱ्या चाचणीसाठी) वेगळं ठेवा.

साथ_कक्ष

नाव आणि लस एकत्र सांगतो, कारण घोळ एकच आहे. "मेंदूज्वर" किंवा "दिमागी बुखार" लिहिलंत तर पालक म्हणणार, त्याची लस झाली आहे. ती बहुधा जपानी मेंदूज्वराची असते, डासांमुळे होणाऱ्या विषाणूची. सरकारी लसीकरणातली पेंटाव्हॅलंट आणि न्यूमोकोकल लस मेनिंजायटिसचे दोन वेगळे जंतू रोखतात. मेनिंगोकोकलची लस सरकारी वेळापत्रकात नाही. म्हणून "मेनिंगोकोकल मेनिंजायटिस" असंच लिहा, कंसात दिमागी बुखार.

लस विकत मिळते ती चार गटांची : ए, सी, डब्ल्यू, वाय. भारतातल्या साथी मुख्यतः ए गटाच्या असतात, तेव्हा ती उपयोगी आहे. मोठ्या मुलांना एकच डोस. पण संरक्षण यायला आठ-दहा दिवस लागतात, त्यामुळे रुग्ण निघाल्यावर ती गोळीच्या ऐवजी चालत नाही. ६२ जणांना सक्ती करू नका. प्रवेशाच्या फॉर्मवर दोन प्रश्न घाला : प्लीहा काढली आहे का, आणि सिकल सेल किंवा थॅलेसेमिया आहे का. झाबुआ, अलिराजपूर, बडवानी पट्ट्यातून येणाऱ्या मुलांत सिकल सेल असतं आणि त्यात प्लीहा निकामी होते. त्यांना लस आधी. हजला जाणाऱ्यांना ती पोचण्याआधी किमान १० दिवस लागतेच. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची पाच गटांची लस २०२३ साली जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केली आणि २०२४ मध्ये नायजेरियात ती पहिल्यांदा दिली गेली. ती आफ्रिकेच्या साथींसाठी आहे.

वॉर्डातली_ताई

बरा होऊन आलेल्या मुलाची श्रवण तपासणी महिन्याच्या आत करून घ्या. वर्गात मागच्या बाकावर बसून "लक्ष देत नाही" असं म्हटलं जातं, आणि कान गेलेला असतो. वेगळं ताट-वाटी नको त्याला. योग्य अँटिबायोटिक सुरू होऊन २४ तास झाले की त्याच्यापासून लागण होत नाही.

मेस_व्यवस्थापक

सर्वांचे आभार. नवा मजकूर असा :

"ताप आला तर आधी वॉर्डनला सांगा, मग झोपा. त्या रात्री रूममेटने दर दोन तासांनी उठवून पूर्ण वाक्यात बोलायला लावावे. पाय खूप दुखणे, हात-पाय गार पडणे, रंग उतरणे, असंबद्ध बोलणे, उभे न राहता येणे, मान आखडणे, पट्टीने दाबूनही न जाणारे ठिपके, यांपैकी एकही असल्यास १०८. बाहेरून गोळी आणू नये."

पारदर्शक पट्टी आणि टॉर्च सूचनाफलकाला दोरीने बांधून ठेवतो.

तापाचा_आलेख

दोन दुरुस्त्या. "पाय दुखणे" वेगळं काढा. नुसते पाय फ्लूमध्येही दुखतात, त्यावर १०८ बोलावलीत तर डिसेंबरात दर आठवड्याला गाडी येईल आणि मग पत्रक कोणी वाचणार नाही. असं लिहा : "ताप आणि पाय इतके दुखतात की चालवत नाही : वॉर्डनने लगेच अंग तपासावे, तासाने पुन्हा तपासावे. सोबत हात-पाय गार किंवा रंग उतरलेला : १०८."

आणि ठिपक्यांच्या ओळीनंतर तीन शब्द घाला, मोठ्या टायपात : "ठिपके नसले तरी."